पॉइंट टू फाइव्ह

रात्रीचे साडेनऊ वाजतात. टीव्हीवरची मालिका संपते, उरलेलं दूध फ्रिजमध्ये जातं आणि आजी कपाटावरचा डबा खाली घेतात. डबा श्रीखंडाचा, झाकणावरची अक्षरं केव्हाच पुसली गेलेली. आत बीपीची गोळी, शुगरची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब, आणि सगळ्यांत खाली रबरबँड लावून जपून ठेवलेली एक वेगळी पट्टी. तिच्यातली गोळी इतकी बारीक की थरथरत्या चिमटीत पटकन सापडत नाही. बीपीची गोळी राहिली तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात येतं. ही मात्र कधीच राहत नाही. पट्टीत दोनच गोळ्या उरल्या की घरात अस्वस्थता पसरते आणि मुलाला ऑफिसातून येताना मेडिकलमध्ये थांबायचा निरोप जातो. गोळीचं नाव कुणालाच येत नाही, आणि त्यानं अडतही नाही. "आईची ती पॉइंट टू फाइव्ह द्या," म्हटलं की काउंटरवरचा पोरगा न विचारता खण उघडतो.

नाव कुणाचंही घाला, गाव डोंबिवली म्हणा, मिरज म्हणा नाहीतर मडगाव. तपशील थोडेफार बदलतील, पट्टी बदलणार नाही. गोळी कधीपासून घेता, असं विचारलं तर उत्तरात साल येत नाही, प्रसंग येतो. "हे गेले तेव्हापासून." "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना, त्या वेळी." "नातू अमेरिकेला गेला त्या वर्षी." गोळी लिहून देणारे डॉक्टर आठवतात, कारणही आठवतं, आणि बहुतेक वेळा ते कारण खरंच असतं. बंद करायला कुणी सांगितलं होतं का, या प्रश्नावर मात्र घरातले एकमेकांकडे बघतात. सुरू करणारा माणूस होता. थांबवणारा कधी भेटलाच नाही. म्हातारपणातल्या झोपेच्या गोळ्यांचं दुखणं नेमकं इथं आहे.

पॉइंट टू फाइव्ह म्हणजे पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलाम. डब्यातल्या बाकीच्या पट्ट्यांवर पाचशे, साडेसहाशे असे भरभक्कम आकडे छापलेले असतात. त्यांच्या शेजारी पाव हा आकडा अगदीच गरीब दिसतो. "पावच तर आहे, त्यानं काय होतंय," असं घरचेही म्हणतात. पण औषधाची ताकद मिलिग्रॅमवर ठरत नाही. या गोळ्या सोडवण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या डॉ. हीदर अ‍ॅश्टन यांनी तुलनेचं एक कोष्टक तयार केलं होतं. त्यात अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचं धरलं आहे. म्हणजे पाव मिलिग्रॅमची ही बारीक गोळी जवळजवळ पाच मिलिग्रॅम डायझेपामइतकी झाली. आणि डायझेपाम म्हणजे जुन्या पिढीची काम्पोज.

काम्पोज हा शब्द मराठी घरांत एके काळी झोपेच्या गोळीचं सामान्यनाम होता, जसं वनस्पती तुपाला डालडा. १९६० च्या दशकाच्या शेवटी रॅनबॅक्सी कंपनीनं डायझेपाम या नावानं भारतात आणलं आणि कंपनीचं बस्तान बसवणारं ते पहिलं मोठं औषध ठरलं. लोकांना काम्पोजचा धाक होता. ती कपड्यांच्या घडीखाली ठेवली जायची, शेजारीपाजारी बोलली जायची नाही. तिच्याच जातीची, तिच्याच ताकदीची गोळी आज श्रीखंडाच्या डब्यात उघड्यावर राहते, कारण तिच्यावरचा आकडा लहान आहे आणि नावाची कुणाला ओळख नाही.

या औषधांचा जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, नटली इथल्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. लिओ स्टर्नबाख हे १९०८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेले, पोलंडमधल्या क्राकोवमध्ये शिकलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ. युद्धाच्या काळात युरोप सोडून ते अमेरिकेत आले. पन्नासच्या दशकात त्यांनी बनवलेल्या संयुगांपैकी एक तपासणीविनाच फळीवर पडून राहिलं होतं. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना सहकाऱ्याच्या नजरेला ते पडलं आणि टाकून देण्याऐवजी चाचणीला पाठवलं गेलं. प्राणी शांत झाले, पण गुंगले नाहीत. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम. व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम. १९६९ ते १९८२ या काळात अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारं औषध तेच होतं. एकट्या १९७८ मध्ये तिथं त्याच्या सुमारे २३० कोटी गोळ्या खपल्या.

डॉक्टरांनी या गोळ्यांना आपलंसं केलं ते काही मूर्खपणानं नव्हे. त्याआधीची झोपेची औषधं म्हणजे बार्बिट्युरेट्स. त्यांचा डोस थोडा चुकला तरी श्वास थांबायचा. कित्येक माणसं त्यानं गेली. नवी गोळी एकटी घेतली तर इतक्या सहजी जीव घेत नव्हती. जीव घेत नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ मग सगळ्यांनीच काढला. त्याची चूक उमगायला वीस वर्षं लागली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांनी या औषधांच्या सवयीवर सुनावणी घेतली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं डॉक्टरांना बजावलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. १९९१ मध्ये मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी वयस्कर रुग्णांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी केली. आता अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ती वेळोवेळी सुधारून काढते, आणि पासष्टीपुढच्या माणसांना या जातीच्या गोळ्या टाळाव्यात असं ती स्पष्ट सांगते.

म्हणजे हे ज्ञान जुनं आहे. ते श्रीखंडाच्या डब्यापर्यंत मात्र पोचलेलं नाही.

गोळी घरात शिरते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात सहसा कुणीच वाईट नसतं. आजोबा जातात. दिवसभर माणसांची वर्दळ, रात्री सामसूम. पन्नास वर्षांचा शेजार सुटलेल्या बाईला अंथरुणावर डोळा लागत नाही. घरचे डॉक्टर भेटायला येतात, तिची अवस्था बघतात आणि तेराव्यापर्यंत तरी चार घास खाऊन झोपू दे म्हणून एक गोळी लिहून देतात. ती माणुसकीच असते. दुसरा रस्ता हॉस्पिटलचा. ऑपरेशननंतर वॉर्डातल्या उजेडात आणि गोंगाटात झोप येत नाही, म्हणून रात्रीची गोळी सुरू होते आणि घरी जाताना ती डिस्चार्ज कार्डावर बाकीच्या औषधांच्या ओळीत येऊन बसते. बीपीची गोळी जन्मभराची, झोपेची दहा दिवसांची. कार्डावर दोघींचं अक्षर सारखंच. घरचे दोन्ही इमानेइतबारे चालू ठेवतात.

मग दोन-तीन आठवड्यांत मेंदू आपला हिशेब बदलतो. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. या गोळ्या त्या गाबाचा जोर वाढवतात. रोज बाहेरून जोर मिळायला लागला की मेंदू त्याला सरावतो आणि स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. अशात एखाद्या रात्री गोळी संपली किंवा मुद्दाम घेतली नाही, तर जी झोप उडते ती गोळी सुरू होण्याआधीच्या निद्रानाशापेक्षा वाईट असते. छातीत धडधड, हाताला कंप, विचारांचं चक्र, पहाटेपर्यंत टक्क डोळे. आजी त्यातून एकच निष्कर्ष काढतात: "बघा, मला गोळीशिवाय झोपच येत नाही." वास्तविक ती रात्र गोळीमुळेच तशी गेलेली असते. दुखणं गोळीनं आणलेलं आणि पुरावा गोळीच्या बाजूचा, अशा या पेचातून एकट्या माणसानं बाहेर पडणं फार कठीण.

त्यात वय. चाळिशीत घेतलेली गोळी आणि पंचाहत्तरीत घेतलेली गोळी ही शरीराच्या दृष्टीनं दोन वेगळी औषधं असतात. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचं काम मंदावतं. डायझेपाम चरबीत मुरतं. विशीतल्या माणसाच्या शरीरातून त्याचा अर्धा भाग जायला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या घरात तोच काळ ९० तासांच्या आसपास जातो. सोमवारी रात्री घेतलेली गोळी शुक्रवारपर्यंत अंगात रेंगाळते, आणि मधल्या प्रत्येक रात्री तिच्यावर नवी पडत जाते. सकाळी जड डोकं, दुपारी खुर्चीत डुलकी, संध्याकाळी चालताना तोल जाणं. घर म्हणतं, वय झालं.

एवढं सोसून पदरात काय पडतं? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली साठीपुढच्या माणसांवरच्या २४ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. दोन हजार चारशेहून अधिक माणसं त्यात होती. झोपेच्या औषधांनी झोप वाढली ती सरासरी २५ मिनिटांनी. रात्रीतून जाग येणं कमी झालं, पण एकदासुद्धा पूर्ण नाही. झोप सुधारल्याचा फायदा सरासरी तेरा जणांत एकाला दिसला आणि अपाय सहा जणांत एकाला. पंचवीस मिनिटं! दुपारची वामकुक्षी तेवढी आखूड केली तर रात्री तेवढी झोप कदाचित फुकट मिळेल.

अपाय म्हणजे बऱ्याचदा पडणं. रात्री दोन वाजता लघवीला उठायचं, गोळीचा अंमल भरात, पायांत पायपुसणं, मधल्या खोलीत काळोख. खुब्याचं हाड मोडण्याचा धोका या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत साधारण दीडपट असतो, असं बऱ्याच अभ्यासांतून पुढं आलं आहे. खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घरानं पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. चालती-बोलती बाई वॉकरवर येते, कुणी अंथरुणाला खिळते, काही जण वर्षभरही काढत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत अभ्यासकांचं एकमत नाही. क्वेबेकमधल्या एका मोठ्या अभ्यासात या गोळ्यांशी अल्झायमरचा संबंध दिसला, नंतरच्या एका अमेरिकन अभ्यासात तो तसा दिसला नाही. पण गोळी चालू असताना विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो, याबद्दल वाद नाही. अशा वेळी स्मृतिभ्रंशाचं निदान करण्याआधी डबा उघडून बघायला हवा.

हाड मोडून आजी हॉस्पिटलात जातात तेव्हा गोष्टीचं दुसरं पर्व सुरू होतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. भरती करताना औषधांची यादी सांगतात, त्यात बीपी येतं, शुगर येते. "झोपेची गोळी" हे औषध म्हणून कुणाच्या तोंडी येत नाही, ती सवय असते. गोळी एकदम तुटते. ऑपरेशन छान होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजी सलाइन ओढून काढतात, भिंतीवर मुंग्या आहेत म्हणतात, मुलाला ओळखत नाहीत, मेलेल्या भावाशी बोलतात. मराठीत याला नेमका शब्द आहे: वातात बडबडणं. याची कारणं अनेक असू शकतात. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, भुलीचा परिणाम. पण त्या कारणांमध्ये एकाएकी सुटलेली गोळी हेही एक ठळक कारण असतं, आणि तिच्याबद्दल सांगितलंच नसेल तर डॉक्टरांना ते कळायला वाव नसतो. काहींना फिटही येते.

असा वात एका फार मोठ्या माणसाला झाला होता. विल्यम रेनक्विस्ट हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पाठदुखीनं झोप लागेना म्हणून त्यांना सत्तरच्या दशकात प्लासिडिल नावाची झोपेची गोळी सुरू झाली. ही गोळी डायझेपामच्या जातीची नव्हे, पण वाट तीच. गोळी कुठल्या गल्लीतून आलेली नव्हती. संसद आणि न्यायालयाच्या मंडळींवर उपचार करणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि वर्षानुवर्षं लिहीत राहिले. डोस वाढत वाढत दिवसाला १५०० मिलिग्रॅमवर गेला. १९८१ च्या अखेरीस न्यायालयात त्यांची जीभ अडखळते हे पत्रकारांनाही जाणवू लागलं. २७ डिसेंबरला ते वॉशिंग्टनमधल्या हॉस्पिटलात दाखल झाले आणि गोळी थांबवली गेली. त्यानंतर सत्तावन्न वर्षांच्या त्या न्यायमूर्तींना खोलीबाहेर आपल्याविरुद्ध कट शिजतोय असे आवाज ऐकू येऊ लागले, पडद्यावरची नक्षी बदलताना दिसू लागली. पायजम्यावरच ते पळून जायला म्हणून हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर आले. अखेर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि हळूहळू उतरवत फेब्रुवारी १९८२ मध्ये पूर्ण बंद केली. पाचच वर्षांत, १९८६ मध्ये, ते देशाचे सरन्यायाधीश झाले. ही सगळी हकिकत त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली खुल्या झालेल्या एफबीआयच्या कागदपत्रांतून तपशिलानं बाहेर आली.

रेनक्विस्ट यांची गोष्ट दोन कारणांनी लक्षात ठेवावी. एक म्हणजे इतका बुद्धिमान, शिस्तीचा माणूसही या पेचात अडकू शकतो. मनोबलाचा यात फारसा संबंध नाही. आणि दुसरं म्हणजे गोळी एकदम तोडून भागत नाही, पण नीट उतरवली तर माणूस पूर्ण बरा होऊन मोठं काम करू शकतो.

आपल्याकडे या सगळ्याला व्यसन म्हणायला जीभ रेटत नाही. मराठी मनात व्यसनाचं चित्र पक्कं आहे: दारू, तंबाखू, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात घुसलेलं गर्द. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकानं आणि १९८६ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला शिकवलं. त्या चित्रात नऊवारीतली आजी कुठंच बसत नाही. ती चोरून पीत नाही, घरातली भांडी विकत नाही, तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आहे. आणि तिला व्यसनी म्हणूही नये, तो शब्द तिला लागेल आणि त्याचा उपयोगही होणार नाही. पण शब्द नाही म्हणून ती मोजलीही जात नाही, हे मात्र बरं नव्हे.

मोजदाद किती अपुरी आहे बघा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'नं केलेलं देशभरचं व्यसनविषयक सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटात १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक गुंगीची औषधं वैद्यकीय सल्ल्याबाहेर घेतात, असं त्यात आढळलं. अशा लोकांची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. पण पंचाहत्तरीपुढची आजी या मोजणीत नाही. आणि जिच्याकडे चिठ्ठी आहे, मग ती चिठ्ठी कितीही जुनी असो, ती स्वतःला 'सल्ल्याबाहेर' समजतच नाही. अमेरिकेत औषधदुकानांच्या नोंदींवरून २००८ सालचा हिशेब मांडला गेला, तेव्हा या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण १८ ते ३५ वयात २.६ टक्के आणि ६५ ते ८० वयात ८.७ टक्के निघालं. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. आणि गोळी घेणाऱ्या त्या वयस्कर माणसांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा ती दीर्घकाळ घेत होता.

कित्येकांना तर आपण अशी गोळी घेतो हेच माहीत नसतं. पोटात गॅस होतो, मळमळतं म्हणून दिल्या जाणाऱ्या एका प्रचलित जोडगोळीत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. हे तेच स्टर्नबाख यांचं पहिलं औषध, लिब्रियम. आजी म्हणतात, ही माझी पोटाची. नैराश्यासाठीच्या एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं, आणि छातीतल्या धडधडीसाठी प्रोप्रानोलॉलसोबत अल्प्राझोलाम. मग एकीच्या डब्यात पोटाची एक, धडधडीची एक आणि झोपेची एक, अशा तीन डॉक्टरांच्या तीन गोळ्या एकाच कुळातल्या निघू शकतात. तीन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसतो. सगळ्या गोळ्या एका ताटलीत ओतून, पट्टीमागचं बारीक नाव भिंगानं वाचून यादी करणं, हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातवानं एका रविवारी करावं. त्या एका तासाचं मोल मोठं आहे.

शिवाय कट्ट्यावरची देवघेव असतेच. "मला फार गुण आला, माझ्यातली एक घेऊन बघा." साखर उसनी द्यावी तशी गोळी दिली जाते, आणि तीत प्रेमच असतं. घेणाऱ्याला दम्याचा त्रास आहे का, घोरताना श्वास अडकतो का, रात्री एखादा पेग होतो का, हे विचारायचं राहून जातं. दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतात. तिथं ती पूर्वीची सुरक्षितता उरत नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा चांगला आहे. औषध नियम १९४५ चे. त्यातला ६५ वा नियम सांगतो की डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि देताना दुकानाचं नाव-पत्ता व तारीख चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर नोंदवायची. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-वन' परिशिष्टात सुरुवातीला ४६ औषधं होती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही त्यातलीच. ही औषधं विकताना डॉक्टराचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. आता घरातली चिठ्ठी काढून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेली, शाई फिकी पडलेली. सहीच्या वर किती शिक्के आहेत? बहुतेक चिठ्ठ्यांवर ती जागा कोरी दिसेल. मोबाइलमधल्या फोटोवर तर शिक्का मारायलाही जागा नाही.

पण नुसता दट्ट्या लावूनही भागत नाही, हे न्यूयॉर्कनं दाखवून दिलं आहे. १९८९ मध्ये त्या राज्यानं या गोळ्यांसाठी तीन प्रतींची सरकारी चिठ्ठी सक्तीची केली. गोळ्यांचा खप झपाट्यानं उतरला. आणि त्यांच्या जागी डॉक्टरांनी मेप्रोबामेट, क्लोरल हायड्रेट अशी जुनी, जास्त घातक औषधं लिहायला सुरुवात केली. त्यांत रेनक्विस्ट यांना वाताला नेणारं औषधही होतं. झोप न येण्याचं दुखणं जागच्या जागी राहिलं, की ते दुसरा दरवाजा शोधतं.

म्हणून आधी त्या दुखण्याकडे बघावं लागतं. वयाबरोबर गाढ झोप कमी होते, झोप लवकर येते आणि लवकर जाते. हा आजार नव्हे. आजी रात्री नऊला आडव्या होतात आणि तीनला जाग आली म्हणून हैराण होतात. पण नऊ ते तीन म्हणजे सहा तास, आणि दुपारी जेवल्यावरचा दीड तास धरला तर साडेसात. झोप पुरी झालेली असते, फक्त ती घराच्या घड्याळाशी जुळत नाही. काहींचं कारण औषधातच असतं: लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जाते आणि रात्रभर फेऱ्या चालतात. ती सकाळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारलं तरी कधी कधी प्रश्न सुटतो. कुणाचा गुडघा ठणकतो, कुणाला प्रोस्टेटचा त्रास. आणि कितीतरी जणांचं कारण मन असतं, ज्याला घरात 'काही नाही, जरा उदास असते' म्हणतात. त्या उदासीवर इलाज आहेत, पण झोपेची गोळी तिला झाकून ठेवते. निद्रानाशावर पहिला उपाय गोळीचा नव्हे तर वागणुकीचा, म्हणजे अंथरुणातला वेळ आखणं, झोप येत नसेल तर उठून बसणं, उठण्याची वेळ पक्की ठेवणं, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्येच केली. आपल्याकडे हे शिकवायला माणसं थोडी आहेत, हीही खरी अडचण. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून सुरुवात तरी करता येते.

आणि जी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, ती? इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: हा लेख वाचून आज रात्री आईच्या हातातली गोळी कुणी काढून घेऊ नये. एकदम बंद केल्यानं काय होतं ते वर आलंच आहे. काहींना ही औषधं दुसऱ्या कारणानं, फिटसाठी किंवा गंभीर आजारात, खरोखर लागतात. उतरवायची ती डॉक्टरांना सांगून आणि सावकाश.

सावकाश म्हणजे किती, हे हीदर अ‍ॅश्टन यांनी शिकवलं. जन्म १९२९ चा, आपल्या डेहराडूनचा. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये या गोळ्या सोडवण्यासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवला. सुमारे तीनशे माणसं तिथं येऊन गेली. अ‍ॅश्टन यांनी रुग्णांचं ऐकून घेतलं, त्यांचे त्रास मनाचे खेळ म्हणून उडवून लावले नाहीत, आणि शिकलेलं सगळं एका पुस्तिकेत लिहून ठेवलं. अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी आणखी कापणं अवघड. म्हणून त्या रुग्णाला हळूहळू तेवढ्याच ताकदीच्या डायझेपामवर आणायच्या आणि मग आठवड्या-पंधरवड्यानं थोडं थोडं कमी करत न्यायच्या. वयस्कर माणसात डायझेपाम साचतं, त्यामुळे कुणाला कुठली पद्धत हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण रुग्णाची गती रुग्णानं ठरवायची, हा त्यांचा आग्रह सगळ्यांना लागू आहे.

त्याहून आशा वाटावी असा प्रयोग कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात झाला. डॉ. कारा टॅनेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस औषधदुकानांतून ३०३ वयस्कर माणसं निवडली. सगळी ६५ ते ९५ वयाची आणि दीर्घकाळ या गोळ्या घेणारी. निम्म्यांच्या घरी टपालानं आठ पानी पुस्तिका गेली. तीत स्वतःला विचारायचे काही प्रश्न, गोळी सोडलेल्या एका समवयस्क बाईची गोष्ट, आणि एक तक्ता. फोन नाही, रागावणं नाही, हॉस्पिटल नाही. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती, आणखी ११ टक्क्यांनी डोस कमी केला होता. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात सोडणारे ५ टक्केच. पुस्तिका वाचून ६२ टक्के माणसांनी आपण होऊन डॉक्टरांशी किंवा दुकानातल्या फार्मासिस्टशी विषय काढला. कित्येक वर्षं कुणीही न काढलेला विषय, ऐंशी वर्षांच्या माणसांनी स्वतः काढला. त्यांना आजवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

हे महाराष्ट्रात व्हायला काय हरकत आहे? गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासून काम करतो. महिन्याच्या सभेत मधुमेहावर, गुडघ्यावर व्याख्यानं होतात. एक सभा डब्याची ठेवावी. प्रत्येकानं आपला डबा घेऊन यावं आणि गावातल्या एका फार्मासिस्टनं भिंग घेऊन बसावं. आठ पानांची मराठी पुस्तिका, मोठ्या टायपातली, छापायला फार खर्च येत नाही. अक्षर न येणाऱ्या आजींसाठीही ती चालेल, कारण क्वेबेकच्या तक्त्यात मुळात वाचायचं थोडंच होतं. आठवड्याच्या सात चौकटी, आणि चौकटीत गोळीचं चित्र: पूर्ण गोल, अर्धा गोल, पाव गोल, आणि शेवटी रिकामी चौकट.

तशा चौकटी आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर आधीपासून टांगलेल्या आहेत. दूध किती आलं, गॅस कधी लावला, हे आजी त्यांतच लिहितात. डॉक्टरांनी आखून दिलेले गोल पेन्सिलीनं तिथंच काढता येतील. क्वेबेकचा तो तक्ता एकवीस आठवड्यांचा होता. दिवाळीतल्या पाडव्याच्या रात्री पहिला गोल काढला आणि मध्ये अधिक महिना आला नाही, तर एकवीस आठवड्यांनंतरची रिकामी चौकट अगदी गुढीपाडव्याच्या तोंडावर येते.